चिकूचा पासपोर्ट साइज फोटो

२ नोव्हेंबर, रविवार
प्रांजलला बंगळुरूच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. एक डिसेंबरला जॉइन व्हायचं आहे. मी शांत आहे. बापाचा मुलुंडमध्ये एकतीस वर्षांचा फोटो स्टुडिओ असताना एकुलत्या एका मुलीने इतक्या लांब चाकरीला जायचं कारण मला दिसत नाही. तिला तसं नीट समजावलं. ती म्हणाली, बघू बाबा. म्हणजे निम्मं काम झालं.

४ नोव्हेंबर
स्टुडिओत दिवसाला तीन माणसं येतात. त्यातला एक सुट्टे मागायला. प्रांजल म्हणाली, पासपोर्ट फोटो आता लोक घरी मोबाइलवर काढतात, बाबा, तू कुत्र्यांचे पोर्ट्रेट कर, टॉवरवाले हौसेने काढून घेतात. इन्स्टाग्रामवर जाहिरातही टाकून मोकळी झाली.
मी म्हटलं, झकास. मला कुत्र्यांची भीती नाही. लहानपणी कणकवलीत एक चावला आणि पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, तो विषय वेगळा. मी सावध असतो. सावध आणि घाबरट यातला फरक वनमालेला लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी कळलेला नाही.
एकदा हा धंदा चालला की प्रांजल इथेच थांबणार. तसं ती बोलली नाही, पण बापाला कळतं.

७ नोव्हेंबर
पहिलं बुकिंग! भांडुपच्या अबोली मॅडम. रविवार सोळा तारीख, सकाळी अकरा. कुत्र्याचं नाव चिकू. पर्समध्ये मावणारा असणार. बारशाच्या फोटोंचं छोटं स्टूल पुसून ठेवलं.

९ नोव्हेंबर
‘सेशनमध्ये काय अपेक्षित आहे’ असं माहितीपत्रक लिहिलं. कुत्र्याने आंघोळ करून यावे. उपाशी आणू नये. आणण्यापूर्वी भरपूर फिरवावे, जितका दमेल तितके चांगले. गळ्यात पट्टा असावा, पट्ट्याला साखळी असावी, साखळीला मालक असावा. तोंड मिटलेले असावे. दोन्ही कान दिसायला हवेत. उपाशी आणू नये.
प्रांजलने वाचलं. म्हणाली, कान आणि तोंड काढ, हा काय व्हिसाला चाललाय? आणि उपाशीचा मुद्दा दोनदा आलाय. मी म्हटलं, महत्त्वाचा आहे.

१२ नोव्हेंबर
प्रॅक्टिस केली. स्टुडिओच्या पायरीवर चार वर्षांपासून एक कुत्रा झोपतो. मी मागच्या दाराने ये-जा करतो, पण ते जवळ पडतं म्हणून. आज त्याचा फोटो काढला. समोरच्या मेडिकलच्या काउंटरमागून, झूम लावून. फोटोत शेपूट आली आहे. शेपटीचा फोकस उत्तम.
संकल्प: उद्या दोन पावलं जवळून.

१३ नोव्हेंबर
आज धूळ फार होती. लेन्स खराब झाली असती.

१४ नोव्हेंबर, दुपार
अबोली मॅडमनी व्हॉट्सॲपवर चिकूचा फोटो पाठवला. ग्रेट डेन आहे. सोफ्यावर बसलाय आणि सोफा दिसत नाही. वजन अठ्ठावन्न किलो. माझं एकसष्ट.
स्टूल आत ठेवून दिलं. बाथरूमची कडी आतून नीट लागते का ते पाहिलं. लागते.
वनमालेला म्हटलं, रविवारी मला ताप आहे असं कळव. ती म्हणाली, कित्याक घाबरतास, तो काय तुमका खातलो? मी म्हटलं, घाबरायचा प्रश्न नाही, रविवारी लाइट बरोबर नसतो. स्टुडिओत लाइट आपलाच असतो, हे तिने लगेच काढलं.
रद्द करणार नाही. रद्द केलं तर प्रांजल जाईल. छाती धडधडते, ती सकाळच्या चहामुळे.

१६ नोव्हेंबर, सकाळी ९
पूर्ण तयार आहे. जाड जीन्स घातली. आत पायजमा पण आहे. कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. पळायचं नाही. घाम येऊ द्यायचा नाही, त्यांना वास येतो म्हणे. घाम आला आहे.

१६ नोव्हेंबर, दुपारी २
सेशन यशस्वी.
सविस्तर: चिकू आत आला आणि स्टुडिओ लहान झाला. त्याने माझा हात हुंगला. मनगटापर्यंत सहज तोंडात गेला असता, पण त्याने मनावर घेतलं नाही. मला वरचा लाइट चेक करणं गरजेचं वाटलं, म्हणून मी शिडीवर चढलो. लाइटच्या कामाला एक तास दहा मिनिटं लागली.
खाली त्यांचं जमेना. चिकू बिस्किटाकडे बघेना, चूंचूं वाजणाऱ्या खेळण्याकडे बघेना, अबोली मॅडमनी हाका मारल्या तरी बघेना. तो शिडीसमोर बसून वर माझ्याकडे बघत होता. मान किंचित तिरकी करून, डोळ्यांची पापणीसुद्धा न हलवता. प्रांजलने कॅमेरा घेतला, शिडीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, अजिबात हलू नकोस. मी हलण्याच्या परिस्थितीत नव्हतो. फोटो तिने काढले, मार्गदर्शन मी वरून केलं, बरंचसं डोळे मिटून.
अबोली मॅडमनी स्क्रीनवर फोटो पाहिला आणि रडायला लागल्या. चिकू नऊ वर्षांचा आहे. या जातीत म्हणे ते खूप झालं, डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितलेत. म्हणाल्या, लहान होता तेव्हा असा जीव लावून बघायचा. तो जीव लावून काय बघत होता, ते मी बोललो नाही. मला त्या क्षणी चिकूबद्दल वाईट वाटलं. ते गेल्यावर वीस मिनिटांनी उतरलो.

१८ नोव्हेंबर
मोठी फ्रेम तयार करून दिली. हाताला एकतीस वर्षांची सवय, तोच फोटो पासपोर्ट साइजमध्ये कापून आठ कॉप्या पाकिटात घातल्या. दोन्ही कान बरोबर आलेत. प्रांजलने कपाळावर हात मारला. म्हणाली, वाट लागली, कुत्र्याला आठ पासपोर्ट फोटो कशाला? मॅडमनी पाकीट उघडलं, आठही फोटो एकेक करून बघितले आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

२२ नोव्हेंबर
एक फोटो अबोली मॅडमनी मोबाइलच्या कव्हरमध्ये घातला, बाकीचे घरच्यांना वाटले. त्यांच्या टॉवरमधून आणि ओळखीतून सात बुकिंग आली. सगळ्यांना पासपोर्ट साइज हवा आहे, आठ कॉप्या. मी प्रांजलला सांगितलं की हे माझं ठरवलेलं मार्केटिंग होतं. तिने मला मिठी मारली. हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. स्टुडिओत धूळ फार झाली आहे.
नवीन बोर्ड करायला टाकला: सुबोध अँड डॉटर. तिला सांगितलं नाही. सरप्राइज.

२८ नोव्हेंबर
बोर्ड आला. अक्षरं छान आहेत. प्रांजलला दाखवला. तिने ‘डॉटर’वरून बोट फिरवलं, मग मोबाइलवर विमानाचं तिकीट दाखवलं. परवा सकाळचं. तीन तारखेलाच काढलेलं, म्हणजे पहिलं बुकिंग यायच्या आधी.
म्हणाली, मी थांबेन असं कधी म्हटलंच नाही, बाबा. मी डायरी काढून बघितली. खरंच म्हटलेलं नाही. म्हणाली, मी गेल्यावर तू रिकाम्या दुकानात नुसता बसून राहशील, याची मला धास्ती होती. म्हणून कुत्र्यांच्या फोटोंचं काढलं. वनमालेला सगळं माहीत होतं.
मी म्हटलं, अगं जा की, मला काय प्रॉब्लेम आहे? मग आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ लाइट चेक केला.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७
प्रांजल गेली. टॅक्सीत बसताना तिने विचारलं, बाबा, जमेल ना तुला? मी म्हटलं, मी कोणाला घाबरत नाही. ती म्हणाली, माहितीये मला. टॅक्सी वळल्यावर वनमाला वर गेली, मी थोडा वेळ खालीच थांबलो.

सकाळी ११.३५
शटर उघडलं. बाराला बोरिवलीचे दोन रॉटवायलर कुत्रे येणार आहेत, सख्खे भाऊ. शिडी काढून उभी केली. मग लक्षात आलं की मी वर चढलो तर खाली कॅमेरा धरायला कोणी नाही.
ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून एकदा लिहून ठेवतो. मला भीती वाटते. कुत्र्यांचीही.