मोठी जनावरं

१४ ऑगस्ट

माणसाळणं. मॅडमनी आज फळ्यावर एवढा एकच शब्द लिहिला आणि तास सुरू केला. वाघाचं पिल्लू घरात वाढवलं तर ते पाळलेलं होतं, माणसाळलेलं नाही. माणसाळायला पिढ्या जातात. कुणी कुणाशी जुळायचं, काय खायचं, कधी मरायचं — हे ठरवणं त्या प्राण्याकडून सुटून आपल्या हातात आलं की तो माणसाळला. मेंढी त्यातली अगदी सुरुवातीची. तिची शिंगं आखूड झाली, मेंदू लहान झाला, लोकर वाढत गेली. इतकी, की आता कुणी कातरली नाही तर तिला तिचंच ओझं.

सगळं उतरवून घेतलं. मेंदूचं मात्र बाबांना सांगणार नाही. चार दिवस जेवणार नाहीत.

३० ऑगस्ट, घरी

कॉलेजच्या गोठ्यावर महिनाभर शेण उपसलं म्हणून मुकादमानं क्षारमिश्रणाची पिशवी दिली. घरी जनावरं आहेत ना, म्हणाला. आहेत म्हटलं. आमच्याकडे जनावर म्हणजे मेंढी. गाय आमच्या दारात कधी बांधली गेली नाही.

बाबांनी पिशवी ओसरीवर मधोमध ठेवली, जशी काही पाहुणी. मला वाचायला लावली. मग शेजारचे आले तेव्हा पुन्हा वाचायला लावली. 'मोठ्या जनावरांसाठी.' कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, जस्त. तांब्यानं लोकरीला बळ येतं, हे मी माझ्याकडून सांगितलं. पुस्तकात आहे ते. काका म्हणाला, आता मेंढरं आपल्याशी इंग्रजीत बोलायला लागली तर कातरायची कशी? आधी परवानगी मागावी लागेल! सगळे हसले. तो मला डॉक्टरीणबाई म्हणतो, आणि त्याच्या तोंडी ते टोमण्यासारखं वाटत नाही.

बाबांनी विचारलं, कोकरांना द्यायचं का. मी पुन्हा पिशवी बघितली. मोठ्यांसाठीच आहे, म्हटलं. कोकरांना नको, कुठल्याही परिस्थितीत नको. आपण किती जपून सांगितलं याचं बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

बाबांचा फोन. लोकरीला चकाकी आली म्हणतात. पिशवी संपत आली, दुसरी पाठव. पाठवली.

९ ऑक्टोबर

प्रथिनं. अमिनो आम्लांची साखळी. त्यातली काही शरीर स्वतः घडवतं, काही बाहेरूनच यावी लागतात. पण मेंढीचं गणित निराळं. गवत आधी तिच्या पोटातले सूक्ष्मजीव खातात, त्यातून स्वतःची प्रथिनं बनवतात आणि मग मेंढी त्या जीवांनाच पचवते. मी विचारलं, म्हणजे मेंढीनेही पोटात जनावरं पाळलीत का. मॅडम म्हणाल्या, असं म्हणायला हरकत नाही. दिवसभर तेच वाक्य बरोबर घेऊन हिंडले.

लोकर म्हणजेही प्रथिनच. गंधकवालं. काका लोकरीची बट जाळून नाकाशी धरतो आणि नाक मुरडतो, तो वास त्या गंधकाचा. त्याला सांगायला हवं. सांगितलं तर म्हणेल, नाकाला माझ्या आधीच ठाऊक होतं.

५ नोव्हेंबर

कातरणी झाली. यंदाही काकानंच केली, दरवर्षीसारखी. आमची झाली की मग आसपासच्या सगळ्या कळपांकडे जातो. त्याची कात्री चालली की मेंढी अंगावर रेलून डोळे मिटते म्हणतात.

८ नोव्हेंबर

म्हातारी गेली. आमची सगळ्यात जुनी मेंढी. सकाळी उठलीच नाही, आई म्हणाली. डोळे हळदीसारखे पिवळे. लघवी लाल.

१० नोव्हेंबर

आणखी तीन. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक फाडून पाहिली. काय म्हणाले विचारलं तर बाबा म्हणाले, विष. एवढंच म्हणाले? एवढंच. फोन ठेवला.

आई मागाहून बोलली. कातरताना जिथे थोडं कापलं जातं तिथे काका औषध लावतो. त्यात त्यानं काहीतरी कालवलं असं बाबांचं म्हणणं. कुरणाच्या हद्दीवरून दोघांची मागे जुंपली होती, ती आता बाहेर आली. कोकरं कातरली नव्हती, त्यांना औषध लागलं नव्हतं. आणि कोकरं सगळी धडधाकट आहेत. आणखी काय पुरावा पाहिजे?

काकानं असं केलं असेल? काकानं?

१३ नोव्हेंबर

बाबांनी चारचौघांत म्हटलं. पाणवठ्यावर, सगळे असताना. आईनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. बाबा म्हणाले, "माझी मेंढरं तुझ्या हाताखालून गेली आणि मेली. तुला आता कुणी कातरणीला बोलावू नये." काकानं हातातली कात्री फडक्यात गुंडाळली आणि घरी गेला.

तेव्हापासून त्याला एकानंही बोलावलेलं नाही. हंगाम आत्ताच असतो.

१७ नोव्हेंबर



आज सूक्ष्म क्षार. मॅडम म्हणाल्या, तांब्याबाबतीत मेंढी फार नाजूक. इतर प्राणी जास्तीचं तांबं बाहेर टाकतात, मेंढीचं यकृत ते साठवत राहतं. महिनोन् महिने काही दिसत नाही. उलट तजेला येतो. मग एखाद्या दिवशी ताण पडतो. लांबचा प्रवास, थंडी, कातरणी. यकृत सगळं एकदम रक्तात सोडतं. रक्तपेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी लाल, मूत्रपिंड शाईसारखं काळं. म्हणून मोठ्या जनावरांचं मिश्रण मेंढीला कधीही देऊ नये.

मी हात वर केला. का केला! विचारलं, मोठ्या मेंढीलाही?

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना वाटलं मला खरंच कळलं नाही, आणि ते बरोबरच होतं. म्हणाल्या, "मोठी जनावरं म्हणजे गाय, म्हैस. मेंढी कितीही मोठी झाली तरी ती लहान जनावरच."

खाली बसले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

आमच्याकडे मोठी म्हणजे वयात आलेली. लहान म्हणजे कोकरू. दुसरा काही अर्थ असू शकतो हे घरात कुणाला सुचणार? सुचायला हवं होतं ते मला. शिकलेली मी.

म्हणूनच कोकरं वाचली.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी

घरी फोन केला. खरं ते सांगायचं ठरवूनच केला होता. बाबा आले आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं की ती पावडर आता देऊ नका. बाबा म्हणाले, बंद केली आहे.

इतकं हायसं वाटलं की पुढचं बोललेच नाही. मग त्यांनी विचारलं, परीक्षा कधी. जेवतेस ना. धाकटीचं नाव पुढच्या वर्षी तुझ्याच शाळेत घालायचं म्हणतोय, तू होतीस त्या. तिथले लोक अजून तुझं नाव काढतात.

१८ नोव्हेंबर

खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणते, सिद्ध काय झालंय? यकृत तपासलं का? लाल लघवी आणखी दहा कारणांनी होते. उगाच स्वतःला फासावर चढवू नकोस.

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. आणि मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पुरावा नाही, तोवर बोलायचं नाही. किती सभ्य वाटतं हे वाक्य. त्याच्या आड कितीही दिवस बसता येईल.

१९ नोव्हेंबर

आज दोन गेल्या. पावडर बंद आहे तरी. यकृतात आहे ते आहेच, मॅडम म्हणाल्याच होत्या. आई म्हणते, डॉक्टर रोज येऊन उरलेल्यांना कसलंसं पाणी पाजतात.

त्यांच्या दुधावरची कोकरं आता बाटलीनं वाढवायची.

२१ नोव्हेंबर

तासानंतर मॅडमकडे गेले. घरचं म्हणाले नाही. एका ओळखीच्या कळपाचं म्हणून सगळं सांगितलं — पिशवी, किती महिने, कातरणी, कोकरं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, तपासणी करून घ्या, पण मला शंका नाही. उरलेल्यांसाठी औषध असतं, मॉलिब्डेनमचं, डॉक्टर पाण्यातून देतील. मग चष्मा काढून म्हणाल्या, आणि त्या ओळखीच्यांना सांग, ही चूक शहाणेसुद्धा करतात.

मान हलवली. जिन्यानं खाली आले. शहाणे करत असतील. शहाण्यांच्या चुकीपायी दुसऱ्या कुणाची कात्री बंद पडते का?

२४ नोव्हेंबर

आईचा फोन. काकूनं मधलं फाटक आतून बांधून टाकलं. काकाच्या धाकट्याला शाळेत मुलं विषारी म्हणतात. काका दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. लांबच्या एका कळपाकडून निरोप आला होता, तोही मागे घेतला. आई हे सगळं हळू आवाजात सांगत होती, आणि मध्येच म्हणाली, तू अभ्यासात लक्ष दे.

परवा घरी जाते. फोनवर जमायचं नाही.

२६ नोव्हेंबर, घरी

अंगणात कोकरं आहेत आणि त्यांच्यामागे कुणी नाही. लेंड्यांचा वास तोच. बाटली घेऊन बसले तर एक माझं बोटच चोखत राहिलं, दूध संपलं तरी.

बाबा वाळले आहेत. मी येण्याचं कारण विचारलं नाही. जेवताना म्हटलं, बाबा, बोलायचंय. ते उठले. मेंढरांना पाणी दाखवायचंय म्हणाले. आत्ताच पाजून आले होते.

२७ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा म्हटलं. बाबा कुंपण बांधायला गेले. दुपारी मी त्यांच्या मागे कुंपणापाशी गेले. त्या पावडरीबद्दल आहे, एवढं म्हटलं तर म्हणाले, तार धर. धरली. खिळा ठोकत राहिले, नको तितका. मग पाहुण्याला विचारावं तसं म्हणाले, परत कधी निघतेस?

कुंपणापलीकडे काकाचं दार दिसतं. उघडं होतं. आत कुणी हललं नाही.

धाकटीनं माझी जुनी पुस्तकं काढून कव्हरं घातली आहेत. विचारते, ताई, प्राण्यांचं कुठल्या वर्गात सुरू होतं?

२८ नोव्हेंबर

बाबा ऐकत नाहीत. पण ऐकायचं मुळात त्यांनी नाहीच. ज्याच्यावर आळ आलाय त्यानं. हे इतके दिवस का सुचलं नाही? सुचलं होतं. लिहिलं नव्हतं.

उद्या काकाकडे जाणार. आधी त्याला, मग पाणवठ्यावर, सगळे असताना. तिथेच बोललं गेलं होतं. काय म्हणायचं ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं. पिशवी मी आणली. वाचली मी. अर्थ चुकला माझा. लोक म्हणतील, शिकवली आणि घर बुडवलं. म्हणोत. धाकटीचं काय होईल ते ठाऊक नाही. तिथे येऊन प्रत्येक वेळी अडते.

२९ नोव्हेंबर

सकाळी निघाले. आईनं दारात हात धरला. म्हणाली, "जाऊ नकोस. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पिशवी बघून सांगितलं होतं. तुझ्यावर येऊ नये म्हणून तुझ्या बाबांनी काकाचं नाव घेतलं."

बाबा आत होते. ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

हात सोडवून घेतला. फाटकाची गाठ सोडायला वेळ लागला.