भाताच्या पोत्यांचा आवाज

रिहे, ८ डिसेंबर २०२४

चि. निरंजन यास, रिह्याहून आजी रत्नाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुला फोन केला की तुझ्या गाण्यापुढं माजं काय ऐकू जात न्हाई, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी धाडतेय. मी सांगतेय, गौतमी लिहितीय. तुझी बायको हाय ती, विसरला असशील.

ती म्हणती, नवे स्पीकर आल्यापासून नांद्याच्या फ्लॅटात हॉलमधी एकच खुर्ची उरलीय. आवाज तितंच नीट येतो म्हणं. मग तिनं काय गॅलरीत उभं ऱ्हायचं? तू धाडलेले जुने स्पीकर पोचले. माजघरात भाताच्या पोत्यांमधी ठिवलेत. पोरगी चार दिसांसाठी आले म्हणती, पर कपडे थंडीभराचे आणलेत. घ्यायला कवा येतोस?

तुझी आजी

नांदे, ११ डिसेंबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

जुने स्पीकर नीट पोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. नवे माझ्या खांद्याएवढे उंच आहेत. पण आजी, काहीतरी खटकतंय. तबला घुमतो, शब्द पुसट येतात. वायरही बदलून पाहिली. तू एक कर, माझा नेहमीचा अभंग जुन्यांवर लाव आणि खर्ज भरीव वाटतो का ते कळव. गौतमीलाही विचार, तिचा कान चांगला आहे. आणि पत्र लिहिणाऱ्याला म्हणावं, ओळी जरा मोकळ्या काढ.

तुझा निरंजन

रिहे, १५ डिसेंबर

चि. निरंजनास आशीर्वाद.

तुझा निरोप लिहिणारीनंच मला वाचून दाखवला. तिनं पेनाला टोपण लावलं, चहा केला, मग परत बसली.

अभंग लावला. तुझा भिवाजीकाका, शेजारची लिलाबाई, आमी समदी पोत्यांना टेकून ऐकत हुतो. लिलाबाई म्हणाली, बुवा पोत्याआड बसूनच गातोय. भिवाजी झोपला, पर त्याच्या घोरण्यातबी शब्द न् शब्द कळत हुता. गौतमी हसली, आल्यापासून पयल्यांदा. खर्ज म्हंजी काय ते मला ठावं न्हाई. येत्या रविवारी ये, तूच ऐक.

तुझी आजी

रिहे, २३ डिसेंबर

चि. निरंजनास आशीर्वाद, रागावून का हुईना.

काल आलास. डोळं मिटून ऐकलंस, कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवल्यास. मला वाटलं, आरती करतोय. मग तुला उमगलं, की गुण स्पीकरचा न्हाई, पोत्यांचा; ती घुमणारा आवाज पितात. लगीच निलेशचा टेम्पो बोलावलास, पोती चढवलीस, दोरी आवळलीस, माज्या पाया पडलास आन् निघालास. गौतमी पिशवी भरून दारात उभी हुती. टेम्पोत जागा उरली न्हवती. निलेशला म्हणालास, पोती सांभाळून ने. तिला म्हणालास, येतो.

त्या पोत्यांमागं उंदीर येतील, तेवढीच तुला सोबत. आता म्हातारीचं ऐक, हिला घ्यायला ये. तसंच लिही म्हणून सांगितलंय. ती काय लिहिती, मला कुटं वाचता येतंय!

लोभ स्पीकरवर हाय, त्यातला थोडा माणसांवर असू दे.

तुझी आजी

ता. क. निरंजन, ‘घ्यायला ये’ हे आजींचं. माझं ऑफिसचं काम इथूनही जमतंय. मी लिहिते आहे, राहायला ये.

गौतमी