धामणीच्या पिळदार धनुष्याची आणि इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, हरिबा तात्याबा कोळपे, वय एकोणपन्नास, राहणार केंदूर, तालुका शिरूर, लिहून ठेवतो की, चंपाषष्ठीच्या सकाळी देवाला भंडारा वाहून मी अंगणात धामणीच्या लाकडाच्या धनुष्याला पहिल्यांदा दोरी चढवली. धनुष्य हातात फिरलं, टोक कान फाडून गेलं आणि मी तुळशीपाशी आडवा झालो. डॉक्टरांनी कान शिवला व डोकं शाबूत असल्याचं सांगितलं. माझी पत्नी म्हाळसा हिचं त्याबाबत वेगळं मत आहे. तरी कोणाच्याही दबावाविना, पूर्ण शुद्धीवर हे लिहितो.

त्या सकाळी ती आधी हसली. "बाण सुटायच्या आधीच शिकार पडली!" मग पदरानं रक्त टिपता टिपता म्हणाली, "आवं, तुमचं काय झालं असतं, तर मी कुणाच्या घरात ऱ्हायचं?"

आमच्याकडे बाप गेला की घर मुलाच्या नावावर होतं आणि आई पडवीत जाते. माझी आजी तशीच गेली. तिला कोणी छळलं नाही, पण काही विचारलंही नाही.

१. धनुष्य मुलगी साधना हिला. ती दौंडच्या शाळेत तिरंदाजी शिकवते. लाकूड पिळलेलं होतं. मेंढरांमागची काठी सरळ करतात तसं मी ते गरम राखेत शेकून बाभळीच्या बेचक्यात दाबलं. दिसायला सरळ झालं, पण चंपाषष्ठीला दोरीचा ताण बसताच मूळ पिळावर गेलं. पुढे पीळ राहू दिला, लाकडाच्या रेषेमागं तासत गेलो, दोरी मुठीच्या मधून जाते एवढंच पाहिलं. आता बाण नीट जातो. साधनानं ते सरळ करू नये. "आप्पा, हे तुमच्यासारखंच हाय," असं ती म्हणाली. त्याचा खुलासा मी मागितलेला नाही.

२. "हरिबा, हे धनुष्य न्हाई, जिलेबी हाय," असं चावडीवर सांगणारे शेजारी पोपटराव यांना माझा लाकूड तासायचा वाकस. तो त्यांनी मागेच नेऊन ठेवल्यानं वेगळा ताबा देण्याची गरज नाही.

३. शेत, मेंढरं व देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक मुलगा माऊली याला. पूजा करताना त्यानं मोबाइल बाहेर ठेवावा.

४. घर आत्ताच म्हाळसाच्या नावावर करण्याबद्दल माऊलीशी बोललो. रांजणगावच्या कंपनीतून पाळी करून आला होता. म्हणाला, "आप्पा, लोक म्हणतील, पोरावर इस्वास न्हाई."

"इस्वास हाय रं. पण तुला इचारून ऱ्हायची पाळी तिच्यावर कशाला?"

त्यानं पडवीकडे पाहिलं. सून शितल म्हणाली, "आत्याबाई, भाडं तेवढं बेतानं लावा." म्हाळसा म्हणाली, "बघू. आधी चहा टाक."

माऊली उठला. "गुरुवारी सुट्टी हाय माझी. शिरूरला जाऊ."

म्हणून या मृत्युपत्रात घराची वाटणी नाही. काल शिरूरला बक्षीसपत्राची नोंद करून ते म्हाळसाच्या नावावर केलं.

साक्षीदार: हौसराव शेंडगे, डॉ. सत्यजीत बोऱ्हाडे (कान यांनीच शिवला)

सही: हरिबा तात्याबा कोळपे

दिनांक: २४ जानेवारी २०२५

ठिकाण: केंदूर, सौ. म्हाळसा हरिबा कोळपे यांचं घर, त्यांच्या परवानगीनं