टिल्लूने धरलेल्या चार जागा

प्रिय ठकू,

रोज फोनवर भाजीच्या भावापासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सगळं बोलणारी आई आज पत्र का लिहितेय म्हणून दचकू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. तुझे बाबा बाल्कनीतल्या कुंड्यांना नको इतकं पाणी घालतायत, म्हणजे रोजच्यासारखंच. हे मला फोनवर बोलता यायचं नाही. तू मध्येच "जाऊ दे गं आई" म्हणशील आणि मी लगेच जाऊ देईन. मला तेवढंच निमित्त हवं असतं.

परवा टिल्लूचा फोन आला होता. फुरंगटून बसलाय. बायकोचे दिवस भरत आलेत, म्हणून लेकीला आठ दिवस तुझ्याकडे ठेवावं असं त्याच्या मनात होतं, आणि तू सरळ नाही म्हणालीस. "ताईला माझी पोरगी जड झाली," म्हणाला. मी त्याला झापलं आणि लगेच तुला फोन लावला. तू म्हणालीस, तीन वर्षांच्या पोरीला गाडीतून एकटी कशी आणू, माझ्या हातून मूल सुटतं, तुला माहीत आहे ना. हसत म्हणालीस. मीही हसले. फोन ठेवून कणीक भिजवायला बसले आणि मिठाऐवजी साखर घातली.

तुला ते तीन महिने कितपत आठवतात गं? बाबांना कारखान्याने नवीन यंत्र शिकायला परदेशी पाठवलं आणि आपण तिघं शेपटासारखी मागे गेलो. तू आठ वर्षांची, टिल्लू पाच. एकच खोली, ओटा एवढा तोकडा की कढई ठेवली की ताट मांडीवर घ्यायचं. शेजारचा म्हातारा खोकला की टिल्लू इकडून खोकून उत्तर द्यायचा. निघताना तुझी आजी म्हणाली होती, हिला घरातलं मांजर सांभाळता येत नाही, ही परक्या मुलखात दोन पोरं काय सांभाळणार! ते वाक्य मी सामानाबरोबर नेलं होतं. तिथे पोचल्यावर बाबांनी बजावलं, इथे धक्काबुक्की करायची नाही, पळत जाऊन जागा धरायची नाही, अब्रू जाईल. ते माझ्याकडे बघूनच बोलले. बरोबरच होतं म्हणा. आपल्याकडे बस आली की टिल्लूला माणसांच्या कोपराखालून आत सोडणारी मीच. तो जाऊन अख्ख्या बाकड्यावर आडवा पडायचा आणि कुणी उठवायला आलं की भोकाड पसरायचा. त्या कामात कार्टं तरबेज होतं.

त्या रविवारी आपण प्राणी बघायला निघालो. बाबांनी आदल्या दिवशीच कागदावर पेन्सिलीने स्टेशनं लिहून काढली होती, पाच स्टेशनं आणि एकदा गाडी बदलायची. तू कागद दोनदा वाचलास आणि मला पाठ म्हणून दाखवलास. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला मी घाबरले तर तू माझं बोट धरलंस. म्हणजे कोण कुणाला सांभाळत होतं बघ! खाली फलाटावर बाबा पुढे भिंतीवरचा नकाशा वाचत होते, माझ्या खांद्याला डब्यांची पिशवी, आणि टिल्लूचा हात तुझ्या हातात. गाडी आली. पुढचं आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ठकूचा हात सुटला, टिल्लू सवयीने आत पळाला, दारं मिटली.

काचेत त्याचा चेहरा दिसला तो हसरा. त्याला कुठे कळलं होतं आपण मागे राहिलो ते! बाबा गाडीबरोबर धावले, काचेवर हात आपटत. माझी पाचावर धारण बसली. गाडी बोगद्यात गेली आणि बाबा परत आले ते पांढरेफटक. हात कोणी सोडला, एवढंच त्यांनी विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, तुला सांगितलं होतं ना गं, घट्ट धर म्हणून? तू तोंड उघडलंस आणि परत मिटलंस.

फलाटावरच्या माणसाने पुढे फोन केला. पुढच्या स्टेशनवर एक गणवेशातली बाई टिल्लूला मांडीवर घेऊन बसली होती. त्याला बघून माझा जीव भांड्यात पडला. तो मात्र रडून लाल, वर आपल्यावरच चिडलेला. मी चार जागा धरल्या, टोपीसुद्धा ठेवली, तुम्ही आलातच नाही, म्हणाला. त्याने आणखी काही बोलायच्या आत मी त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. बाबा तुला काही रागावले नाहीत, फक्त त्या दिवसापासून टिल्लूचा हात ते स्वतः धरायला लागले. आणि तू वेणीची लाल रिबीन सोडून त्याचं मनगट तुझ्या मनगटाला बांधायला लागलीस. घरी परतेपर्यंत रोज. कुणी कौतुक केलं की तू मान खाली घालून सांगायचीस, माझ्या हातून सुटला होता ना, म्हणून. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी तुमचा फोटो काढला. आलागेला तो बघून म्हणतो, काय माया बहीणभावाची! मी वर चहा पाजते.

आज सकाळी तो फोटो भिंतीवरून उतरवला. बाबांनी का म्हणून विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी फोटो हातात घेऊन त्याच्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, मला काय सांगतेस, तिला सांग. म्हणून हे पत्र. ठकू, तुझा हात सुटला नव्हता. काचेतून मला दारापाशी उभी माणसं दिसली, वाटलं आत तोबा गर्दी. ती बिचारी उतरायला उभी होती, गाडी अर्धी रिकामी होती. मी टिल्लूला म्हटलं, पळ, चार जागा धर. तू त्याला सोडेनास. बाबांनी नको सांगितलंय, म्हणालीस. तेव्हा मी तुझी मूठ उघडली आणि त्याला आत ढकललं. आजीचं बोलणं खरं ठरेल, बाबा माझ्यावर चिडतील, या भीतीने सगळं खापर आठ वर्षांच्या पोरीवर फोडलं आणि पंचवीस वर्षं तिथेच राहू दिलं. चुकले गं मी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तुझा हक्क आहे. पण टिल्लूला आजच फोन कर आणि त्याची पोरगी खुशाल घेऊन जा. तुझ्या हातून मूल सुटत नाही. तुझं एकेक बोट मला उपटून काढावं लागलं होतं, आणि करंगळी तर पिशवी खाली ठेवून दोन्ही हात लावले तेव्हा सुटली.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
आई