पल्याडची चिंच

१२ जानेवारी २००३, डोंगरकडा
दुपारच्या एसटीनं हिंगोलीहून घरी. मॅडमनी एम.ए.च्या प्रकल्पाला विषय म्हणून एकच शब्द दिला. यॉन. जुन्या इंग्रजी पुस्तकांतलं विशेषण, आता कुणी वापरत नाही. यॉन टेकडी, यॉन तारा. आपण 'ती पल्याडची' म्हणतो ना, तसं. मॅडम म्हणाल्या, "लांब असली तरी दिसली पाहिजे हं. दिसत नसेल तर यॉन नाही."
एका शब्दावर चाळीस पानं लिहायची. दादाला सांगितलं तर म्हणतो, "आमी जलमभर मेंढरं राखली, एकीवर बी येवढं न्हाई लिहिलं." नतद्रष्ट.

१५ जाने.
माळावर आप्पांशेजारी बसून वाचलं. खाली मेंढरं, धुक्यात अर्धी विरघळलेली. या पुस्तकांतली माणसं कायम कुठंतरी उंचावर उभी, लांब बघत. आप्पाही तसेच. हनुवटीनं जग दाखवतात. थो तलाव, थो तांडा; थो म्हणजे तो तिकडचा. वाचता वाचता डोळा लागला. जाग आली तर आप्पा दादाला सांगत होते, "थ्या पल्याडच्या चिंचेखाली घे मेंढरं. सावली हाय."
दादा "बरं" म्हणाला आणि बाभळींकडं वळला.
चिंच? फाट्याकडच्या रस्त्यावरची? ती तर मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना तोडली.

१६ जाने.
दादाला गोठ्यात गाठलं. म्हणे, "लांबचं दिसत न्हाई आप्पाला. घंटीवरून वळखतो मेंढरं."
"आणि चिंच?"
"तोडली तवा आप्पा मेंढरं घेऊन पुसदकडं होता. वापस आला तं नजर गेल्ती. सांगाचं कुनी?"
म्हणजे वर्षभर हा रोज "बरं" म्हणतोय. मी दादाला उगाच दगड समजत होते.
आई त्या चिंचेखाली भाकरी घेऊन बसायची. माळावरून तिचं हिरवं लुगडं दिसलं की आप्पा शीळ घालायचे. तिला जाऊन चार वर्षं झाली.

२० जाने.
आप्पांशी भांडले. मोतीबिंदू आहे, हिंगोलीला शिबिर आहे, चला म्हटलं.
"काहून? मला समदं दिसून राहिलं."
मला राग आला. म्हटलं, "मग सांगा, चिंचेला चिंचा किती आल्यात?"
त्यांनी तिकडं बघितलं. बराच वेळ. मग हसून म्हणाले, "औंदा लई लगडली माय."
पाण्याची कळशी उचलली नि घरी आले. वाटेत रडू आलं.

२५ जाने., हिंगोली
वाचनालयात दिवसभर. मॅडमचं म्हणणं पुरतं खरं नाही. जुन्या कवितांत म्हातारी माणसं न दिसणाऱ्या गोष्टींनाही यॉन म्हणतात. मेल्यानंतरचा किनारा, लहानपणीचं घर. समोर असल्यासारखं बोट दाखवतात आणि ऐकणाराही बघतो.
मॅडमना सांगितलं. "उदाहरणं आण, मग मानते." पुस्तकातली नेईन. सगळ्यात चांगलं घरी आहे. ते लिहायला हात धजेना.

३१ जाने., डोंगरकडा
आज वाईट झालं. कालच जन्मलेलं कोकरू आप्पांच्या पायाखाली आलं. पाय मोडला त्याचा. दादानं काड्या लावून बांधलाय, जगेल. पण आप्पा त्याला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून होते, जेवले नाहीत. "मला लेकरू दिसलं न्हाई," एवढंच.
अंधार पडल्यावर स्वतःच म्हणाले, "ने मला हिंगोलीला."
मला हायसं वाटलं. तेवढ्यात, "नजर आली का आधी माळावर जाऊ. वरीस झालं, थ्या चिंचेला धड बघितलं न्हाई. तुझी माय गेली तवापून तिलाच बघून राहिलो मी."
दादा चुलीत फुंकत राहिला. चूल चांगली पेटलेली होती.

९ फेब्रु., हिंगोली
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालं, लांबचं स्वच्छ दिसेल. एरवी पेढे वाटले असते.
बाहेर व्हरांड्यात दादाशी कुजबुज. "तूच सांग, तू शिकलेली हायेस." "तू मोठा आहेस, तू सांग." मला खरंच वाटतं, न सांगता नेलं तर ते मोठं पाप होईल. आणि सांगितलं तर तेही.
प्रकल्पाचं शेवटचं पान कोरं आहे. असू दे.
संध्याकाळी आप्पा खाटेवर बसले. डोळ्यावर पट्टी. समोर दवाखान्याची पांढरी भिंत. हनुवटी उचलून म्हणाले, "डोंगरकडा ह्या अंगाला ना?" बरोबर होतं.
"उद्या पट्टी सोडतील आप्पा."
"व्हय."
"आप्पा, ती चिंच..." मी त्यांची चादर सारखी केली. "चिंच लांब आहे. लगेच नाही दिसली तर..."
त्यांनी चाचपडत माझा हात धरला.
"दिसंल की माय. ती कुठं जाते?"