दुपारची बेल

हँबुर्ग, शनिवार, १८ फेब्रुवारी १९८४

प्रिय खातूनआपा, सलाम.

इथे येऊन दोन महिने झाले आणि हे पहिलंच पत्र, माफ कर. तब्येत छान आहे. खोली उबदार आहे, मसूर डाळही मिळते.

सुट्टीच्या दुपारी पडून राहिलो की अर्धवट झोपेत मंडईतल्या लिंबूवाल्याची हाक येते आणि लहानपणी तू पडदा ओढायचीस तशी खोली अंधारते. डोळे उघडतो तर बाहेर नुसता बर्फ, अगदी आवाज न करता पडणारा.

एक चूक मात्र सलते आहे. खालच्या मजल्यावर लेमानबाई राहतात, ऐंशीच्या, एकट्या. मी आलो त्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "रविवारी तीनला कॉफीला येत जा." मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाल्या. शिवाय भर दुपारी कुणाची बेल वाजवायची? आपल्या पुण्यात कुणी दार तरी उघडलं असतं का?

आज जिन्यात भेटल्या. "नऊ रविवार तुमचा कप मांडतेय. बरं नव्हतं का?"

"तसं नाही. दुपार होती. तुमची झोप मोडली असती."

"झोप?" त्या हसल्या. "दुपारीच तर कुणीतरी यावंसं वाटतं."

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. दुल्हाभाई गेल्यावर मीही चार वाजायच्या आत तुझ्याकडे कधी आलो नाही. आपा, तू तेव्हा खरंच झोपलेली असायचीस का?

तुझा
नियाज

उद्याचं काम: तीन वाजता खालची बेल वाजवणे.