सीटीच्या दारावरचा कागद

तुलसी नगर, भोपाळ
७ जानेवारी २०२५

ती. शारदाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते. तू तीस वर्षं काढलीस त्या आपल्या दवाखान्यातलं सीटी स्कॅन मशीन रात्रंदिवस चालू असतं. रविवारी एक पेशंट येत नाही, तरीसुद्धा. मी मीटर बघितलं. आमचं क्वार्टर पंधरा दिवसांत खातं तेवढी वीज ते रिकामं मशीन एका रविवारात खातं. कुणासाठी जाळायचा एवढा कोळसा?

बंद करू म्हटलं की सगळे दाराकडे बोट दाखवतात. तिथे तुझ्या हातचा कागद आहे: 'मशीन बंद करना सख़्त मना है. शारदा दीदी.' तू रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, मशीन बदललं, कागद तसाच. आमच्या विभागाचे निनाद सर म्हणतात, दीदींनी लिहून दिलं तर एक शनिवार-रविवार बंद ठेवू. पण सोमवारी चालू झालं नाही तर मला सीटीतून काढून रजिस्टरवर बसवणार. नव्या मशीनच्या पुस्तकातली पानं जोडली आहेत. वाच.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी संपदा

नागपूर
१३ जानेवारी २०२५

चि. संपदास,
अ. उ. आ.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे, पण मी गोड बोलणार नाही. तो कागद मी हौसेनं लावला नव्हता. जुनं मशीन एकदा बंद केलं ते आठ दिवस उठलं नाही. डोक्याला मार लागलेले पेशंट इंदूरला पाठवावे लागले. तेव्हापासून दर रविवारी जवाहर चौकातून भाजी आणताना मी आधी मशीन आणि ते गार ठेवणारा एसी बघून यायची. एसी बंद पडला म्हणून तुझ्या बारशालाही भरल्या पानावरून उठून गेले. तुझी आई अजून ऐकवते.

पानं दोनदा वाचली. बंद करायला हरकत नाही असं स्वच्छ लिहिलंय, आणि इतकी वर्षं कुणी ते पुस्तक उघडलं नाही. धन्य आहे. नवा कागद पाठवते. सोमवारी मशीन चालू झालं तरच चिकटव. नाही झालं तर सरांना हे पत्र दाखव आणि सांग, दीदींच्या सांगण्यावरून केलं. बोलणी मी खाईन.

तब्येत सांभाळ, माझ्यावरचा जीवही.
शारदाआत्या

भोपाळ
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

झालं. शनिवारी दुपारी बंद केलं. आज सकाळी सर, शोभा सिस्टर, सगळे दारात उभे. बारा मिनिटांत मशीन तयार झालं. पहिल्या आजोबांचा स्कॅन इतका स्वच्छ आला की सर नुसतं हूं म्हणाले. त्यांचं हूं म्हणजे शाबासकी, तुला माहीत आहे. मग त्यांनीच गोंद मागवून तुझा कागद चिकटवला: 'आख़िरी मरीज़ के बाद मशीन बंद करें. शारदा दीदी.' दुपारी एक्स-रेवाले तसाच कागद मागायला आले. तुझ्याच अक्षरात हवा म्हणतात. आपण जिंकलो, आत्या.

आता रविवारी मशीन बघायला कुणी जायचं नाही. या शनिवारी ते बंद केलं की मी आणि आई गाडीनं नागपूरला येतोय. माझ्या बारशाला केला होता तो सगळा बेत परत कर. तिघी जेवू, आणि यावेळी तुला भरल्या पानावरून कुणी उठवणार नाही.

लोभ आहेच, भूकही असू दे.
तुझी संपदा